ताटांतील अन्नाचा हिशेब

अन्न हें पोट भरण्याचें साधन आहे, हें सांगण्यास शाळेची आवश्यकता नाहीं. परंतु अन्नाच्या एका घासांत कोणकोणतीं द्रव्यें किती प्रमाणांत असतात, आणि त्यांपैकीं किती खरोखर आपल्या शरीरास मिळतात, असा प्रश्न केला कीं मोठमोठे रसायनशास्त्रज्ञहि जपून बोलूं लागतात. जाहिरातींत मात्र याच प्रश्नाचीं उत्तरें रोज मोठ्या आत्मविश्वासानें दिलेलीं आढळतात. अमुक चूर्णाच्या एका चमच्यांत टोपलीभर फळांचें सत्त्व आहे, तमुक पेय घेतल्यानें हृदयविकार टळतो, असें वाचून कित्येक पालक मुलांच्या दुधाफळांचे पैसे त्या डब्यांवर खर्च करितात. अशा विधानांतील आंकडे कोठून येतात, ते कसे काढिले जातात, आणि त्यांवर कितपत विसंबावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

जैवक्रियाशील द्रव्यें म्हणजे काय?

आपल्या अन्नांत प्रथिनें, पिष्टमय व स्निग्ध पदार्थ, क्षार, जीवनसत्त्वें आणि पाणी हीं असतात, हें विद्यार्थ्यांनीं पाठ्यपुस्तकांत वाचलेंच असेल. यांवांचून शरीर चालत नाहीं. परंतु वनस्पति स्वतःच्या रक्षणासाठीं, रंगासाठीं व वासासाठीं आणखीहि सहस्रावधि द्रव्यें तयार करितात. हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन या द्रव्याचा. पिकल्या जांभळाचा रंग अँथोसायनिन वर्गांतील द्रव्यांचा. टोमॅटोचा तांबडा रंग लायकोपीनचा. चहाचा तुरटपणा कॅटेचिन व त्यापासून झालेल्या द्रव्यांमुळें येतो, आणि कांद्याच्या पापुद्र्यांत क्वेर्सेटिन नांवाचें द्रव्य असतें. चहांतील, कांद्यांतील व जांभळांतील हीं द्रव्यें फ्लॅव्हनॉइड या एकाच मोठ्या कुळांतील होत. तीं न मिळाल्यास मनुष्यास एखादा ठराविक रोग जडतो असें नाहीं. तथापि शरीरांतील क्रियांवर त्यांचा कांहीं ना कांहीं परिणाम घडतो, म्हणून अशा सर्व द्रव्यांस जैवक्रियाशील द्रव्यें असें म्हणतात.

येथें एक गोष्ट प्रथमच ध्यानांत ठेवावी. क्रियाशील म्हणजे गुणकारी, असें समीकरण मांडतां येत नाहीं. विदर्भांत पिकणाऱ्या लाखोळी डाळींत असें एक द्रव्य आहे कीं, ती डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे करणारा लॅथिरिझम हा रोग होतो. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नांतील लोह शरीरांत शोषिलें जाण्यास अडथळा आणितो. तेव्हां एखादें द्रव्य अन्नांत आहे एवढें कळून भागत नाहीं. तें किती आहे, आणि आपण तें किती खातों, हें कळलें पाहिजे.

कोष्टकांचा थोडा इतिहास

अन्नघटकांचीं कोष्टकें करण्याचें काम शंभराहून अधिक वर्षें चालू आहे. अमेरिकेंत विल्बर अ‍ॅटवॉटर व त्यांचे सहकारी यांनीं १८९६ सालीं तेथील अन्नपदार्थांच्या पृथक्करणाचें कोष्टक प्रसिद्ध केलें. इंग्लंडांत मॅकन्स व एल्सी विडोसन यांचें कोष्टक १९४० सालीं निघालें. या दोघांची हकीकत विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मॅकन्स हे अनुभवी वैद्य. विडोसनबाई नुकत्याच संशोधनास लागलेल्या. मॅकन्स यांनीं फळांतील साखरेचे जे आंकडे काढिले होते, ते वास्तविक प्रमाणापेक्षां कमी आहेत, कारण पृथक्करण करितांना आम्लामुळें फळांतील कांहीं साखर नष्ट होते, असें बाईंनीं त्यांस दाखवून दिलें. मॅकन्स यांनीं राग मानिला नाहीं. त्यांनीं बाईंनाच आपल्या कामांत सहभागी करून घेतलें, आणि पुढें सुमारें साठ वर्षें दोघांनीं एकत्र संशोधन केलें. चूक दाखविणारा मनुष्य आपला सहकारी होऊं शकतो, हें शास्त्राच्या इतिहासांत पुनःपुन्हां दिसून येतें.

आपल्या देशांत या कार्याचा आरंभ निलगिरी पर्वतावरील कुन्नूर येथें झाला. तेथें १९१८ सालीं रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनीं एका खोलींत आहारविषयक संशोधन सुरू केलें. पुढें त्या संस्थेचे संचालक झालेले अ‍ॅक्रॉइड यांनीं १९३७ सालीं हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढिली. ही संस्था १९५८ सालीं हैदराबादेस गेली व १९६९ पासून तिला राष्ट्रीय पोषण संस्था हें नांव मिळालें. याच संस्थेनें देशाचे सहा विभाग पाडून, त्यांतील बाजारांतून नमुने आणवून, ५२८ अन्नपदार्थांतील १५१ घटकांचें नवें कोष्टक २०१७ सालीं प्रसिद्ध केलें. जुन्या पुस्तकांत १०० ग्रॅम नाचणींत ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलेलें आहे. नव्या कोष्टकांत तें सुमारें ३६४ मिलिग्रॅम आहे. मध्यें अनेक वर्षें जाऊनहि दोन्ही आंकडे जवळजवळ जुळतात. जैवक्रियाशील द्रव्यांच्या बाबतींत मात्र आंकडे इतके जुळत नाहींत, हें पुढें दिसून येईल.

या द्रव्यांच्या स्वतंत्र याद्या अलीकडच्या आहेत. अमेरिकेच्या कृषिखात्यानें १९९९ सालीं सोयाबीनसारख्या पदार्थांत आढळणाऱ्या आयसोफ्लॅव्होन द्रव्यांची, व २००३ सालीं फ्लॅव्हनॉइड द्रव्यांची यादी प्रसिद्ध केली. फ्रान्समधून २००९ सालीं फिनॉल-एक्स्प्लोरर हा संगणकावरील माहितीकोश सुरू झाला. त्यांत चारशेंहून अधिक पदार्थ व सुमारें पांचशें द्रव्यें यांची नोंद आहे. युरोपांतील अनेक देशांनीं मिळून ईबेसिस नांवाचा असाच एक कोश केला. भारताच्या २०१७ च्या कोष्टकांतहि अशा कांहीं द्रव्यांस जागा दिलेली आहे.

एक आंकडा कसा जन्मास येतो?

कोष्टकांतील एका चौकोनांत एक आंकडा लिहावयाचा, तर त्यामागें पुष्कळ परिश्रम असतात. एकाच दुकानांतून एकच कांदा आणून चालत नाहीं. निरनिराळ्या बाजारांतून, निरनिराळ्या वाणांचे कांदे घ्यावे लागतात. ते सोलून, खाण्याजोगा भाग तेवढा ठेवून, एकत्र कुटून त्यांचा सारखा नमुना करितात. मग योग्य द्रवांत त्यांतील द्रव्यें उतरवून, यंत्रानें तीं एकमेकांपासून वेगळीं करितात, आणि तेंच शुद्ध द्रव्य माहीत असलेल्या मापानें घेऊन त्याच्याशीं तुलना करितात. हें सर्व पुन्हां पुन्हां करून उत्तर सारखें येतें कीं नाहीं हेंहि पाहावें लागतें. म्हणून अमेरिकेच्या यादींत प्रत्येक आंकड्याची पांच बाबतींत परीक्षा घेतात: नमुने निवडण्याची योजना कशी होती, नमुने किती होते, ते कसे हाताळिले, मोजण्याची पद्धति कोणती, आणि त्या पद्धतीची तपासणी केली होती काय. परीक्षेंत विद्यार्थ्यांस गुण मिळतात, तसे येथें आंकड्यांस मिळतात.

सर्वांत अधिक घोटाळा रिकाम्या चौकोनामुळें होतो. एखाद्या भाजीपुढें क्वेर्सेटिनच्या रकान्यांत कांहींच लिहिलेलें नसेल, तर त्या भाजींत तें द्रव्य नाहीं असें घाईनें समजतात. वस्तुतः तें कोणी मोजलेलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ असतो. न मोजलेलें म्हणजे शून्य नव्हे. फ्रान्स व अमेरिका येथील बाजार पाहून केलेल्या यादीवर कोंकणांतील अथवा देशावरील ताटाचा हिशेब करूं लागलों, तर अंबाडी, कुळीथ, कोकम अशा पदार्थांपाशीं आपणांस अडखळावें लागतें, आणि त्या ठिकाणीं शून्य मांडिलें तर सारा हिशेब खोटा होतो. आपल्या अन्नाचें पृथक्करण आपल्याच देशांत होणें अवश्य आहे, तें याचसाठीं.

मनुष्य किती खातो, हें कसें काढावें?

कोष्टक हातीं आलें तरी हिशेबाचें अर्धेंच काम झालें. दुसरा अर्धा भाग म्हणजे मनुष्य काय व किती खातो हें जाणणें. याच्या चार रीति प्रसिद्ध आहेत. पहिली, प्रत्येक पदार्थ खाण्यापूर्वीं तराजूनें तोलून लिहून ठेवणें. ही नेमकी खरी, पण त्रासाची, आणि तोलावें लागतें म्हणून मनुष्य खाण्यांतच फरक करूं लागतो. दुसरी, मागील चोवीस तासांत काय खाल्लें तें विचारणें. ही सोपी, पण कालचा दिवस हा नेहमींसारखा असेलच असें नाहीं. तिसरी, अमुक पदार्थ आठवड्यांतून किती वेळां खातां, अशी प्रश्नपत्रिका भरून घेणें. यांत दीर्घकाळची सवय कळते, परंतु स्मरणाचा दोष शिरतो. चौथी, जेवढें ताटांत घेतलें तेवढेंच दुसऱ्या भांड्यांत काढून प्रयोगशाळेस पाठविणें. ही उत्तम खरी, पण खर्चाची.

आपल्या देशांत १९७२ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण देखरेख विभागानें महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील खेड्यांत घरोघर जाऊन अशी पाहणी केली. ठराविक मापाच्या वाट्या पुढें ठेवून, काल किती वाट्या आमटी व भात घेतला, असें त्यांचे कार्यकर्ते विचारीत. आपल्याकडे एकाच पातेल्यांतून सर्वांस वाढतात, म्हणून प्रत्येकाच्या वांट्यास काय आलें हें शोधणें हेंच येथें अवघड काम होय.

आतां एक उदाहरण सोडवूं. एका घरांत पांच माणसें आहेत व आठवड्यास ३ किलो कांदे लागतात. साल व टोकें मिळून ३०० ग्रॅम टाकून दिलीं असें धरिल्यास २,७०० ग्रॅम उरतात. त्यास ७ नें व मग ५ नें भागिलें असतां दरमाणशी दररोज सुमारें ७७ ग्रॅम कांदा येतो. अमेरिकेच्या यादीप्रमाणें १०० ग्रॅम कच्च्या कांद्यांत सुमारें २० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन आहे. म्हणजे उत्तर सुमारें १५ मिलिग्रॅम. परंतु हॉलंडांत १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पृथक्करणांत हेंच प्रमाण सुमारें २८ ते ४९ मिलिग्रॅम आढळलें होतें. त्याप्रमाणें उत्तर २२ पासून ३८ पर्यंत कोठेंहि येऊं शकतें. गणितांत चूक नाहीं, तरी उत्तरांत अडीचपटींचा फरक! शिवाय घरांत येणारा कांदा लाल असेल तर एक उत्तर, आणि अलिबागेकडील पांढरा असेल तर अगदीं निराळें, कारण पांढऱ्या कांद्यांत हें द्रव्य फारच थोडें असतें. बाहेरचे मांसल पापुद्रे सोलून टाकिले तर तें कमी होतें, कारण आंतील गाभ्यापेक्षां बाहेरच्या भागांत तें अधिक असतें. कांदा उकडून पाणी ओतून दिलें तर त्याबरोबर कांहीं भाग जातो. पाणी आमटींतच राहिलें तर तोहि पोटांत जातो. आणि घरांतील लहान मूल कांदा खातच नसेल, तर ७७ ग्रॅम ही सरासरी कोणाच्याच ताटांतील खरी गोष्ट नव्हे.

पोटांत गेलेलें सर्व रक्तांत पोहोंचतें असेंहि नाहीं. कांद्यांतील क्वेर्सेटिन सफरचंदांतील क्वेर्सेटिनपेक्षां अधिक चांगलें शोषिलें जातें, असें हॉलंडांतील प्रयोगांत आढळलें. हळदीच्या पुडींत कर्क्युमिन शेंकडा सुमारें ३ असतें. पांच माणसांच्या आमटींत ३ ग्रॅम हळद घातली, तर त्यांत कर्क्युमिन सुमारें ९० मिलिग्रॅम, म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास १८ मिलिग्रॅम येतें. आणि त्यांतूनहि रक्तांत फारच थोडें उतरतें. हळद टाकूं नये. ती चवीची व रंगाची वस्तु आहेच. परंतु तिच्या नांवावर मोठमोठीं आश्वासनें देणाऱ्यास हा हिशेब विचारावा.

एका गांवाची गोष्ट

असा हिशेब शेंकडों माणसांचा केला म्हणजे काय दिसतें, याचें एक प्रसिद्ध उदाहरण हॉलंडांतील झुटफेन या गांवचें आहे. त्यापूर्वीं, १९७६ सालीं, क्यूनाउ या शास्त्रज्ञानें अमेरिकन मनुष्य रोज सुमारें १ ग्रॅम, म्हणजे १,००० मिलिग्रॅम, फ्लॅव्हनॉइड खातो असा अंदाज दिला होता. हर्टोग व त्यांचे सहकारी यांनीं नव्या पद्धतीनें भाज्या, फळें व पेयें तपासून झुटफेन येथील ६५ ते ८४ वर्षें वयाच्या ८०५ पुरुषांचा आहार मोजला, आणि १९९३ सालीं जाहीर केलें कीं, त्यांच्या पोटांत रोज सरासरी २५.९ मिलिग्रॅम जातात. कोठें १,००० आणि कोठें २६! येथें कोणी लबाडी केली नव्हती. हर्टोग यांनीं त्या कुळांतील पांचच द्रव्यें मोजिलीं होतीं. क्यूनाउ यांनीं जुन्या, कमी विश्वसनीय पृथक्करणांच्या आधारें सर्व कुळाचा अंदाज केला होता. यास्तव कोणताहि आंकडा पाहिला कीं त्यांत काय मोजलें व काय वगळलें, हें आधीं विचारावें लागतें.

त्या २६ मिलिग्रॅमपैकीं शेंकडा ६१ चहांतून, १३ कांद्यांतून व १० सफरचंदांतून येत होते. ज्यांच्या आहारांत हीं द्रव्यें सर्वांत अधिक होतीं, त्यांच्यांत पुढील पांच वर्षांत हृदयविकारानें मृत्यु होण्याचें प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या निम्म्याहूनहि कमी आढळलें. ही बातमी ऐकून चहा पिणारांस आनंद होणें साहजिक होतें.

परंतु गोष्ट येथें संपली नाहीं. त्याच हर्टोग यांनीं वेल्स प्रांतांतील कॅर्फिली येथील १,९०० पुरुषांची १४ वर्षांची माहिती तपासली, आणि १९९७ सालीं सांगितलें कीं तेथें असा लाभ दिसत नाहीं. तेथेंहि हीं द्रव्यें मुख्यतः चहांतूनच येत होतीं. मग फरक कां? तेथील चहा दुधाचा असतो, हें एक कारण सुचविण्यांत आलें. पण दूध घातल्यानें चहांतील द्रव्यांचें शोषण कमी होतें, हें पुढील सर्व प्रयोगांत दिसून आलें नाहीं. दुसरें कारण अधिक विचार करण्याजोगें आहे. तेथें पुष्कळ चहा पिणारे पुरुष बहुतांशीं अंगमेहनतीचें काम करणारे असून, ते धूम्रपान अधिक करीत व चरबीहि अधिक खात. म्हणजे चहाच्या पेल्याबरोबर मनुष्याचें सारें जीवन मोजलें जात होतें. एका गांवीं जें द्रव्य रक्षक भासलें, तें कदाचित् तेथील चांगल्या राहणीची खूण असेल; हें ओळखण्यास केवळ कोष्टक पुरेसें नाहीं.

स्मरणाचा व कोष्टकाचा असे दोन्ही दोष टाळण्यासाठीं शास्त्रज्ञ आतां शरीरासच साक्षीदार करूं लागले आहेत. खाल्लेल्या द्रव्याचे अवशेष मूत्रांत उतरतात. ते मोजले असतां मनुष्यानें काय सांगितलें यावर विसंबावें लागत नाहीं. इंग्लंडांतील नॉरफोक परगण्यांत सुमारें २५,००० लोकांची अशी तपासणी करून २०२० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. फ्लॅव्हनॉल द्रव्यें, म्हणजे चहा, सफरचंद, कोको यांतील द्रव्यें, अधिक घेणारांचा रक्तदाब थोडासा कमी आढळला. हा फरक मोजण्याजोगा आहे, पण चमत्कार म्हणावा असा नाहीं. जाहिरातींत मात्र ‘थोडासा’ हा शब्द सहसा छापीत नाहींत.

आंकड्यांचा दुरुपयोग

अमेरिकेच्या कृषिखात्यानें २००७ सालीं ओरॅक नांवाची एक यादी प्रसिद्ध केली होती. निरनिराळ्या पदार्थांचा अर्क परीक्षानळींत ऑक्सिडीकरणास किती विरोध करितो, याचे ते आंकडे होते. परीक्षानळींत जें घडतें तें शरीरांत घडेलच असें नाहीं, हें शास्त्रज्ञांस ठाऊक होतें. पण चूर्णें व पेयें विकणाऱ्यांनीं ते आंकडे डब्यांवर छापून, ज्याचा आंकडा मोठा तें अन्न श्रेष्ठ, अशी शर्यत लाविली. शेवटीं २०१२ सालीं कृषिखात्यानें ती यादी मागें घेतली, आणि त्या आंकड्यांचा मनुष्याच्या आरोग्याशीं संबंध सिद्ध झालेला नाहीं असें कारण स्पष्ट सांगितलें. यादी करणाऱ्यांनीं ती मागें घेण्याचें धैर्य दाखविलें, ही गोष्ट प्रशंसनीय होय. तथापि विक्रेत्यांच्या डब्यांवरून असे दावे नाहींसे होण्यास वाचकांचेंच ज्ञान वाढलें पाहिजे.

विद्यार्थ्यांनीं काय करावें?

वरील विवेचनावरून सर्व आंकडे व्यर्थ आहेत, असा अर्थ कोणी काढूं नये. कोष्टकें नसतीं तर कोणत्या प्रदेशांतील मुलांस कोणत्या घटकाची उणीव आहे, हें कळण्यास मार्गच राहिला नसता. आंकडा टाकून देणें हें जितकें अज्ञानाचें, तितकेंच त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणेंहि अज्ञानाचेंच. म्हणून एखाद्या अन्नाविषयीं मोठें विधान वाचनांत आलें कीं चार प्रश्न विचारावे. कोणतें द्रव्य मोजलें, आणि कोणतीं वगळलीं? तें कच्च्या पदार्थांत मोजलें, कीं शिजवून ताटांत आलेल्या? त्यांतील किती भाग रक्तांत पोहोंचतो? आणि ज्या माणसांवरून निष्कर्ष काढिला, त्यांची राहणी कशी होती? ज्या जाहिरातीजवळ या चारांपैकीं एकाचेंहि उत्तर नाहीं, तिच्यासाठीं घरचा पैसा खर्च करूं नये. त्याच पैशांत डाळ, पालेभाजी, शेंगदाणे व मोसमांतील फळें येतात, आणि त्यांत प्रथिनें, क्षार, जीवनसत्त्वें व हीं नवीं द्रव्यें सर्वच एकत्र मिळतात.

येत्या सुटींत वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग अवश्य करून पाहावा. एका वहींत सात दिवस घरांत कोणतें धान्य, डाळ, भाजी व फळ किती आलें, त्यांतील किती टाकून दिलें, आणि जेवणारीं माणसें किती होतीं, हें रोजच्या रोज लिहावें. स्वयंपाक करणाऱ्या आईस अथवा आजीस विचारल्यावांचून ही वही पुरी होणार नाहीं, कारण पातेल्यांत काय पडलें हें त्यांनाच ठाऊक असतें. मग प्रत्येक पदार्थाचें दरमाणशी प्रमाण काढून, शाळेंतील विज्ञानशिक्षकांच्या साहाय्यानें तें राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकाशीं ताडून पाहावें. जेथें आंकडा मिळणार नाहीं तेथें शून्य न लिहितां ‘माहीत नाहीं’ असें लिहावें. घरांत कोणाच्या ताटांत भाजी व डाळ सर्वांच्या शेवटीं आणि सर्वांत कमी पडते, हेंहि त्या वहींत आपोआप दिसून येईल. आणि तें दिसल्यावर दुसऱ्या दिवशींच्या वाढण्यांत फरक पडला, तर या हिशेबाचें खरें चीज झालें असें समजावें.